निवळी

तेहेतीस वर्षं मी पालिकेच्या प्रयोगशाळेत
या शहराचं पिण्याचं पाणी तपासलं.
सातच्या जरा वर असायचं ते, सरळमार्गी,
सही करून सोडून द्यावं असं.

फंडाच्या पैशात लोक चारधाम करतात.
मी चार फुटांची काच आणली,
चेंबूरला, दुसऱ्या मजल्यावर,
आत खारं पाणी आणि बोटभर जिवंत प्रवाळ.
शेजारचे पेडणेकर म्हणाले, चुना लावला तुम्हाला.
तेव्हा कुठं माहीत होतं
रोज रात्री चुना मीच लावणार आहे.

पहिल्या मे महिन्यात एसी, खिडक्या गच्च.
सकाळी सहाला मीटर म्हणे ७.८.
या पाण्याला ८.२ लागतात.
मीटर खोटा, म्हणून दोनदा बफरमध्ये बुडवला.
तो खरा होता.
कुर्ल्याचा मुनाफ फोनवर हसला:
"बाई, पाण्यात काही ओतू नका, खिडकी उघडा.
तुम्ही सोडता ती हवा पाणी पितंय."

मग चौकटीला भोक पाडलं,
फेस काढणाऱ्या यंत्राची नळी बाहेर सोडली.
श्रावणात तिच्यात मुंग्यांनी घर केलं.
थंडीत समोरच्या टॉवरची धूळ:
नळीच्या तोंडाला कापूस बांधते,
चार दिवसांत तो चुलीतून काढल्यासारखा.
ऑक्टोबर तेवढा बरा.
अंगाची लाही होते, पण खिडक्या सताड
आणि आकडा आपणहून वर चढतो.

बाकीच्या महिन्यांना निवळी.
बरणीत चुना ढवळायचा, मग हात लावायचा नाही.
गाळ बसला की वरचं नितळ पाणी
थेंब थेंब, रात्री अकरा ते पहाटे पाच.
हाडं धरावीत म्हणून आई आम्हा दोघींना
ताकातून अशीच द्यायची.
मी गिळायचे. वृंदा मोरीत थुंकून यायची.

तीच वृंदा, इमारत पाडायला घेतली तेव्हा,
पद्माकर आणि रेणुकासह माझ्या हॉलमध्ये आली.
नऊ महिने. टाकीसमोर तीन गाद्या.
वहीत आकडे उतरत गेले,
७.९, ७.८४, ७.७६.
पद्माकरांच्या घोरण्याला दशांश चिन्ह आहे
हे मी कुणाला बोलले नाही.
रेणुकाची परीक्षा, दोन मैत्रिणी, रात्रभर पाठांतर:
७.७१, खाली लाल रेघ.

खालच्या टाकीत शेवाळ लावलं,
वर अंधार झाला की त्याचा दिवस उजाडे,
आमचे श्वास खाऊन ते फोफावलं,
मूठ मूठ उपटून कुंड्यांत टाकायचे.
तरी एका सकाळी तोंडातून गेलंच,
किती ही माणसं एका खोलीत.
गादीची घडी घालता घालता वृंदा म्हणाली,
"मग काय, श्वास नको घेऊ?"
मी स्वयंपाकघरात गेले
आणि उगाच बरणी ढवळली. बसलेला सगळा गाळ वर आला.

फेब्रुवारीत त्यांना चावी मिळाली.
टेम्पो गेला. एक उशी राहिली.
तिसऱ्या सकाळी मीटर म्हणे ८.२४.
प्रवाळाच्या टोकांना पांढरी कड,
नखाएवढी, नवी.
मुनाफला फोटो पाठवला, त्यानं अंगठा दिला.
हॉलमध्ये पंपाची घरघर तेवढी.
मीटर पुन्हा बफरमध्ये बुडवला.
खराच होता.

वृंदाला फोन लावला.
रविवारी या म्हटलं, तिघंही, राहायलाच या.
"पाणी कसंय तुझं?"
जरा जास्तच चांगलं आहे, म्हणाले,
आणि बोलता बोलता
निवळीची चावी अर्ध्यावर आणली.